कार्डाचं गाऱ्हाणं

आमच्या चाळीत गॅसचा सिलिंडर आला तरी परबआबा गाऱ्हाणं घालतात.

खोटं नाही सांगत. सिलिंडरवाला दुसरा माळा चढून येतो, धापा टाकत असतो, आणि आबा त्याला तसाच गॅलरीत उभा करतात. डोक्यावर टोपी चढवतात, हात जोडतात आणि सुरू. "बा देवा म्हाराजा! आज ह्या चेडवाच्या घरात ग्यासचो सिलिंडर इलेलो आसा. तो पुरो भरलेलो आसू दे, हलको निघा नको, आनी ह्या वझा वाहून आणणाऱ्या झिलग्याची कंबर शाबूत ऱ्हवंदे रे म्हाराजा!" मग आजूबाजूच्या खोल्यांतून जो कोण असेल तो ओरडतो, "व्हय म्हाराजा!" सिलिंडरवाला युपीचा आहे. त्यालापण आता सवय झालीय. तोपण ओरडतो.

माझं माहेर मूळचं साताऱ्याकडचं, वाढले मी वरळीच्या बीडीडी चाळीत, त्यामुळे लग्न होऊन चिंचपोकळीला आले तेव्हा मला हे काही माहीत नव्हतं. मला वाटलं म्हातारा भांडतोय. नितीन, म्हणजे माझा नवरा, मालवणातला, तो बोलला, अगं गाऱ्हाणं आहे ते, गावाला काहीही करायच्या आधी घालतात, एकाने देवाला मोठ्याने सगळं सांगायचं आणि बाकीच्यांनी व्हय म्हाराजा करायचं. चेडू म्हणजे मुलगी आणि झील म्हणजे मुलगा, हेपण त्यानेच शिकवलं. ठीक आहे, बोलले, पण गावाला ते लग्नाला घालतात, गणपतीला घालतात. आबा नळाला पाणी उशिरा आलं तर घालतात. मॅच असली की टॉसच्या आधी घालतात. एकदा रिडेव्हलपमेंटची मीटिंग होती चौकात, तिथे बिल्डरचा माणूस टाय लावून आलेला, आबांनी उठून गाऱ्हाणं घातलं की प्रत्येकाक मोठी खोली मिळू दे, संडास घरात मिळू दे, आणि आख्ख्या चाळीने व्हय म्हाराजा केलं आणि त्या नादात तो टायवालापण बोलून गेला, व्हय म्हाराजा. झालं! आबा अजून सांगत फिरतात, बिल्डरन देवासमोर शबूद दिल्यान.

आबांनी आख्खं आयुष्य लिफ्ट चालवली. फोर्टात एका मोठ्या इमारतीत, ती जाळीच्या दरवाजाची लिफ्ट, तिच्यात स्टुलावर बसून. त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं माळ्यांचं. कोणाला प्रमोशन मिळालं की "एक माळो वर गेलो." कोण वारलं की "गच्चीर गेलो." आणि कोणी फार उड्या मारायला लागला की म्हणायचे, "वर जाणाऱ्याक सगळे सलाम करतत, पण खाली माकाच आणूक लागता."

आमची आणि त्यांची भिंत एकच. भिंत कसली, फळ्यांचं पार्टिशन. त्यांची बायको मी यायच्या आधीच गेलेली. मुलगा आहे, बदलापूरला राहतो, इतकंच चाळीत ऐकलेलं, मी आल्यापासून तो कधी इथे फिरकला नाही. आबा आपले एकटेच भात लावतात, एकटेच बातम्या बघतात आणि बातम्यांनापण गाऱ्हाणं घालतात.

आता मुद्द्याचं सांगते, म्हणजे कार्डाचं.

नितीन लोअर परळला एका मॉलमध्ये मेंटेनन्सला आहे, लाईट, एसी, ते सगळं. तिथे खाली टेबल टाकून दोन मुली बसायच्या, त्यांनी त्याला धरलं, सर क्रेडिट कार्ड घ्या, सोबत ट्रॉलीबॅग फुकट. नितीनला फुकट शब्द ऐकला की काहीतरी होतं. कार्ड आलं, बॅग आली, लाल रंगाची. ती बॅग घेऊन आम्ही कुठे गेलो विचारा. कुठेच नाही. कार्ड आल्यापासून कुठे जायला पैसे उरलेच नाहीत.

सुरुवातीला मज्जा होती हो. खिशात पैसे नसताना वस्तू घरात येत होत्या. आमची मुलगी स्वरा झाली, तिचा पाळणा कार्डावर, बारसं कार्डावर, नितीनचा फोन कार्डावर, मिक्सर कार्डावर. एका वर्षी तर गणपतीला गावी गेलो ते एसी स्लीपर बसने, मखर दादरहून घेतलं, लायटिंग घेतली, सासूबाईंना पैठणी घेतली, सगळं कार्डावर.

आणि बिलाचं काय, तर बिल यायचं मोबाईलवर. त्यात वरती एक मोठा आकडा असायचा आणि खाली एक छोटा आकडा, मिनिमम ड्यू. मी नववीपर्यंत शिकले, नितीन आयटीआय. आम्हाला दोघांना वाटायचं की छोटा आकडा म्हणजे बिल. लाईट बिलावर पण किती आकडे असतात, आपण भरायचा तोच भरतो ना? मोठा आकडा म्हणजे आपली लायकी केवढी आहे ते बँक सांगतेय असं नितीन म्हणायचा. देवाशप्पथ. तो आकडा वाढला की आम्ही खूष व्हायचो!

मग एका महिन्यात छोटा आकडापण भरता आला नाही आणि फोन सुरू झाले.

मला ना फोनची जाम भीती बसली. सकाळी नितीन कामाला गेला की वाजायला लागायचा, कारण त्याने फॉर्मवर दुसरा नंबर माझा दिलेला. मॅडम पेमेंट कब करोगे, मॅडम घर पे आदमी भेजे क्या. घरी माणूस! चाळीत! आमच्या इथे घरी माणूस आला की चहा येईपर्यंत आख्ख्या माळ्याला कळतं तो कशाला आलाय. आणि स्वराला पुढच्या वर्षी शाळेत घालायचं होतं. परळच्या एका शाळेत, चांगल्या. मी नववीत शाळा सोडली ती फीपायी सोडली, वडिलांनी सांगितलं पुढच्या वर्षी बघू, आणि ते पुढचं वर्ष आलंच नाही. आता माझ्या पोरीची फी त्या मोठ्या आकड्याच्या पोटात जाणार हे मला दिसत होतं. मी काय करायचे, फोन वाजला की तांदळाच्या डब्यात टाकायचे. वरून झाकण. म्हणजे आवाज कमी येईल.

एक दिवस आबा दारात. "चेडवा, तुझ्या तांदळात फोन वाजता गो. सकाळपासून. तांदळाक कोणाचे एवढे फोन येतत?"

मी जे रडायला लागले. रडत रडत सगळं सांगितलं, ट्रॉलीबॅगेपासून. आबा उंबरठ्यावर बसून ऐकत होते. शेवटी बोलले, "म्हणजे तुमी लिफ्टीत उभे ऱ्हवून नुसता बटाण दाबतात. दिवो पेटता, घंटी वाजता, तुमका वाटता लिफ्ट चालू आसा. पण ती काय जाग्यावरसून हलणा नाय. छोटो आकडो म्हणजे बटाण गो. भाडा नाय."

तेवढ्यात तांदूळ पुन्हा वाजला.

आबांनी डब्यात हात घातला, फोन काढला, शर्टाला पुसला. मी बोलले, आबा नको नको, उचलू नका. त्यांनी उचलला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून तोच पोरगा. "मॅडम, आज का आज पेमेंट करना पडेगा, नहीं तो..."

आबांनी टोपी सरळ केली.

"बा देवा म्हाराजा!" मी डोळे मिटून घेतले. "आज ह्या फोनाच्या पल्याड कोणाचो तरी झील बसलेलो आसा. पोटासाठी दुसऱ्याक भिववता हा. तेका पण घर आसा, तेचो पण सायेब तेका भिववता. तर तेचा टारगेट पुरा होवंदे, ह्या चेडवाचा कर्ज फिटू दे, आनी दोघांच्याय पोटातली भीती जावंदे रे म्हाराजा!"

 मला वाटलं कट केला. आता माणूसच येणार. आणि मग फोनमधून बारीक आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

आबांनी माझ्याकडे बघितलं, मी आबांकडे. "खयचो रे तू?"

"कणकवलीचो." पोरगा हळू बोलत होता. "आजोबा, कॉल रेकॉर्ड होता हा."

"होवंदे. देवाचा नाव रेकॉर्ड झाला तर बँक बुडाची नाय."

तो हसला आणि मग त्याने आम्हाला नीट मराठीत समजावलं, मालवणीत नाही, साहेबी मराठीत, रेकॉर्ड होत होतं ना. बोलला, ताई, मिनिमम भरत राहिलात तर मूळ रक्कम तशीच राहते आणि व्याज चढत राहतं. बाकी असताना नवीन काही घेतलंत तर त्यावरपण पहिल्या दिवसापासून व्याज. तुम्ही स्वतः बँकेच्या हेल्पलाईनला फोन करा आणि बाकी रक्कम हप्त्यांत करून मागा, व्याज कमी पडतं. आणि कार्ड वापरू नका. अजिबात. फोन घाबरून टाकून देऊ नका ताई, फोन घेणाऱ्याला मार्ग निघतो.

हे सगळं त्याच कार्डवाल्यांचा माणूस सांगतोय! मी तर बघतच राहिले.

संध्याकाळी नितीन आला तर आबा आमच्याकडेच बसलेले. नितीनने कार्ड काढून दिलं मुकाट. आबांनी खिशातून अडकित्ता काढला, तो सुपारीचा, आणि कार्डाची आधी सुपारीसारखी दोन शकलं केली, मग चार. "आता ह्या फिटला असा समजू नको हां," ते नितीनला बोलले, "लिफ्टीचा दार बंद केलंय. खाली उतराचा अजून बाकी आसा."

हप्ते करून मिळाले. पण हप्ते भरायचे कशातून? पगार तर तोच. तिथे मग आबांनी त्यांचं ते सुरू केलं, दर महिन्याचं गाऱ्हाणं.

पगार झाला की त्याच संध्याकाळी आबा यायचे. अंघोळ केलेली, इस्त्रीचा शर्ट, टोपी, हातात नारळ. नारळ देवाला दाखवायचा आणि परत घरी न्यायचा. फोडायचा नाही. "फोडलो काय खर्च." तोच नारळ दर महिन्याला. पुढे पुढे तर त्यातलं पाणीपण वाजेनासं झालं.

आले की पहिलं दार लावून घ्यायचे. आमच्या चाळीत झोपेपर्यंत दार कोणी लावत नाही, लावलं तर लोक विचारतात कोण आजारी आहे. पण आबा कडी घालायचे. "देव आयकता तेवढा पुरे. माळ्याक कित्याक सांगूचा?" मी, नितीन, स्वरा देव्हाऱ्यासमोर रांगेत. आणि मग आबा पगाराची बिल्डिंग बांधायचे. तळमजल्यावर भाडं, रेशन, दूध, लाईट, गॅस, औषध. पहिल्या माळ्यावर कार्डाचा हप्ता. दुसऱ्या माळ्यावर स्वराची शाळा. तिसऱ्यावर अडीअडचण. आणि गच्चीवर हौस. "तळमजलो बांधल्याशिवाय गच्चीर चढूचा नाय. तुमी काय केलात? गच्चीपासून सुरवात केलात. म्हणान वाऱ्यार लटाकतात."

ते झालं की आमची पाळी. ज्याने जे घेतलं ते त्याने स्वतःच्या तोंडाने देवाला सांगायचं. पुटपुटायचं नाही, मोठ्याने. पहिल्या महिन्यात नितीनने सगळं सांगितलं, बसचा पास, दोन वेळा वडापाव, दाढीचं सामान, आणि थांबला. आबा बोलले, "आनी?" नितीन बोलला, बस, एवढंच. "आनी, काय ऱ्हवला आसात तर?" नितीनने मान खाजवली. माझ्याकडे बघितलं. मग देवाकडे बघितलं. आणि एका दमात बोलला, बूट घेतले मित्राकडून उसने घेऊन ऑफिसमध्ये लॉकरमध्ये ठेवलेत आई शप्पथ परत करतो.

मी तर आतून पेटले. पण आबा? आबा ओरडले नाहीत. त्यांनी फक्त पुढे लावलं, "तर बा देवा म्हाराजा, ह्या झिलग्यान खरा सांगलेला आसा, तेका खरा बोलूची बुद्धी दिलंस तशी बूट परत करूची पण दी रे म्हाराजा!" आम्हाला व्हय म्हाराजा करावंच लागलं. देवासमोर उभं राहून भांडता पण येत नाही, हीच त्यातली गोम. दुसऱ्या दिवशी बूट गेले परत.

माझं उलटं. मला एवढी भीती की मी न घेतलेल्यापण वस्तू सांगून टाकायचे. देवा, दादरला गेलेले, एक कुर्ती हातात घेतली, परत ठेवली. देवा, पाणीपुरी खावीशी वाटली. देवा, मोबाईलवर एक झुंबर बघितलं. आबा डोळे मिटूनच बोलायचे, "चेडवा, वाटल्याचा बिल येणा नाय. पुढे चल."

पण सांगते, त्याने फरक पडला. दुकानात हात पुढे गेला की डोक्यात पहिलं यायचं, हे मोठ्याने सांगावं लागणार. आणि जे मोठ्याने सांगायला लाज वाटते ते घ्यावंसंच वाटत नाही, खरंच नाही वाटत, करून बघा. नितीन मॉलमध्ये रोज खायचा ते बंद झालं, मी डबा द्यायला लागले. ऑनलाईनचं ॲप काढून टाकलं. मी घरी शिलाई घेतली, फॉलबिडिंगची, शेजारणींच्या साड्या. ते पैसे सरळ पहिल्या माळ्यावर, म्हणजे कार्डावर. बँकेला हप्ता गेला की वर अजून थोडे भरायचे. हेल्पलाईनची बाई माझा आवाज ओळखायला लागली असेल. पहिल्यांदा फोन करताना काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलेलं. नंतर मीच तिला बोलले, मॅडम, होल्डवर टाकू नका, कुकर लावलाय.

मध्ये एक गणपती आला. तो मोठा डोंगर होता. सासूबाईंचा गावाहून फोन, मागच्यासारखं मखर आणा, लोक विचारतात. नितीनने हो हो करून फोन ठेवला. मग मला हळूच बोलतो, ऑफिसमधला राकेश त्याचं कार्ड देतो बोललाय, पुढच्या महिन्यात देऊन टाकू. पार्टिशनच्या पलीकडून आवाज आला, "राकेशाचो देव येगळो आसा काय रे?"

मग आबांनीच बसवून सांगितलं. "बाप्पा उंदरार बसान येता. तेका एसटीन जावक लाज नाय. लाज तुमका वाटता." आम्ही एसटीने गेलो. माझ्या दोन साड्या आणि सासूबाईंची जुनी नऊवारी, त्याचं मखर केलं मी. मस्त दिसत होतं, फोटो दाखवेन कोणालापण. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. "नोकरी गेली काय रे नितीनची?" मी आयुष्यात सासूबाईंना उलट बोलले नव्हते. पण त्या दिवशी बोलले, "नाही आई. अक्कल आली." त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला विचारतात, व्याज कसं मोजतात गं? त्यांनीपण बचत गटातून उचललेलं निघालं!

तर असं करत करत तो मोठा आकडा खाली यायला लागला. लिफ्ट हलली. कधी कधी अडकायची, स्वराला ताप आला तेव्हा अडकली, एक महिना वर काही भरता आलं नाही. आबा बोलले, "अडाकली म्हणजे तुटली नाय." पुढच्या महिन्यात पुन्हा सुरू.

जूनच्या आधीच्या पगाराला शेवटचा हप्ता गेला. त्याच्या आठवडाभर आधी मी परळच्या शाळेच्या खिडकीवर उभी राहून स्वराची फी भरली होती. कार्ड नाही, उसने नाहीत, दुसऱ्या माळ्यावरचे पैसे. खिडकीतल्या बाईने विचारलं, हप्त्याने भरणार का? मी बोलले, नाही हो बाई, आता आयुष्यात हप्ता नको. सगळी घ्या. पावती हातात आली ती मी तिथेच उभी राहून दोनदा वाचली.

त्या संध्याकाळी आबा नेहमीसारखे आले. दार लावलं. नितीनने मोबाईल देव्हाऱ्यासमोर धरला, बाकी शून्य. बँकेकडून खातं बंद केल्याचा मेसेजपण. आबांनी चष्मा लावून तो शून्य बराच वेळ बघितला. मग गाऱ्हाणं घातलं, लांबलचक, देवाचे आभार मानले, माझी शिलाई मशीन, नितीनचा डबा, कणकवलीचा तो पोरगा, कोणाला सोडलं नाही. स्वरा सगळ्यात मोठ्याने व्हय म्हाराजा करत होती.

मी शिरा केलेला. आबांनी खाल्ला. मग बोलले, "चला. उतारलात तुमी. आता माझा हयसर काम काय." पण उठले नाहीत. टोपी काढली, मांडीवर ठेवली, तिच्या घड्या घालत बसले.

मला खूप दिवस एक विचारायचं होतं. नितीन स्वराला घेऊन दुधाला खाली गेला तेव्हा मी विचारलं. "आबा, एवढ्या महिन्यांत तुम्ही आमच्यावर एकदापण ओरडला नाहीत. बुटांच्या वेळीपण नाही. माझे वडील असते तर मारलं असतं."

आबांनी टोपीवरून बोट फिरवलं. मग बोलले, "एकदा ओरडलेलंय. आमच्या झिलार. तेनापण असाच कर्ज काढलेला, हयसून, थंयसून. बिचारो सांगूक इलो माका. स्वतःहून इलो हां. आनी मी काय केलंय, गॅलरीत उभो ऱ्हवून आख्ख्या चाळीक आयकू जाय असो ओरडलंय. ह्यो चोर, ह्यो फुकटो. तो मान खाली घालून आयकत होतो. फिटयल्यान त्याना सगळा, एकट्यान. पण परत इलो नाय." त्यांनी टोपीची घडी उलगडली. "म्हणान मी दार लावतंय. माणूस खरा सांगता तेवा दार लावचा, ह्या माका उशिरा कळला."

पलीकडच्या खोलीत त्यांचा टीव्ही चालूच राहिलेला, कोणीतरी हवामान सांगत होतं.   मग मला एकदम कळलं की एवढ्या वर्षांत आबांनी नळाला घातलं, सिलिंडरला घातलं, बँकेला घातलं, पण त्यांच्यासाठी गाऱ्हाणं कोणी घातलंच नाही. स्वतःसाठी ते घालायचे नाहीत, आणि दुसऱ्या कोणाला सुचलं नाही.

मी ओढणी डोक्यावर घेतली. "आबा, उभे राहा."

"काय गो?"

"उभे राहा म्हणते ना."

"बायकांनी घालूचा नसता," आबा बोलले, पण उभे राहिले.

मी हात जोडले.  मालवणी मला बोलता येत नाही, जमेल तसं सुरू केलं. "बा देवा महाराजा! आज ह्या चाळीत, ह्या खोलीत, परबआबा उभे आहेत. त्यांनी आम्हाला खाली उतरवलं. त्यांच्या हातून एक चूक झाली ती त्यांनी तुझ्यासमोर खरी सांगितलीय. तर त्यांच्या मुलाचा राग जाऊ दे, त्याला एकदा फोन करायची बुद्धी..."

"थांब." आबांचे डोळे मिटलेले होते. "असा नाय चलणा. माणसाचा नाव घेवक लागता. नायतर देवाक कळाचा कसा, खयच्या परबाचो झील?"

"नाव काय आबा?"

एवढी वर्षं आमची भिंत एक. खोकला ऐकला, भांडी ऐकली, गाऱ्हाणी ऐकली. ते नाव मी त्या भिंतीपलीकडून कधी ऐकलं नव्हतं.   आबांनी टोपी डोक्यावर घातली, सरळ केली.

"संतोष," ते बोलले. "संतोष भिकाजी परब."

"बरं," मी बोलले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.